मामानं भरलेली टाकी: टर्बो गाडीतून कोल्हापूर–मलकापूर–रत्नागिरी

औषधाच्या बाटलीवर असते तशी एक चिठ्ठी माझ्या भावानं गाडीच्या किल्लीला चिकटवली होती. "ताई, ९५ किंवा वर. साधं नाही म्हणजे नाही." खाली तीन रेघा.

संदीप माझा धाकटा भाऊ. सहा महिन्यांसाठी मस्कतला कामाला गेला आणि जाताना आपली गाडी आमच्या कोल्हापूरच्या घरी लावून गेला. निळी, दोन दारांची, टर्बो. जुनी घेतलेली असली तरी तिच्यासाठी त्यानं नऊ वर्षं पैसे साठवले होते. "पंधरा दिवसांतनं एकदा फिरवून आण," एवढं एकच काम माझ्याकडे होतं आणि ते मी रंकाळ्याला चक्कर मारून इमानदारीनं करत होते. पण तो परत यायला आठ दिवस राहिले तेव्हा मला वाटलं, असली गाडी दाराशी असून आपण भेळ खायला रंकाळ्यावर जातोय, हे काही खरं नाही. मी नवऱ्याला, म्हणजे अविनाशला, जाहीर करून टाकलं: रत्नागिरीला जायचं. जाताना मलकापूरला दत्तूमामाकडे एक मुक्काम, मग आंबा घाट उतरून समुद्र, आणि तिसऱ्या दिवशी घरी. अविनाश गाडी चालवत नाही. या गाडीत तर त्याला बसताही येत नाही. तो आत पडतो आणि बाहेर निघताना हात द्यावा लागतो. तरी हो म्हणाला.

चिठ्ठीवर तीन रेघा का, हे सांगायला हवं. आमच्या घरात चुकीच्या पेट्रोलचा इतिहास आहे. कॉलेजात असताना मी बाबांची स्कूटर न विचारता पन्हाळ्याला नेली होती. त्या स्कूटरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागायचं. मी नुसतंच पेट्रोल घातलं आणि येताना वाघबीळजवळ इंजिन जाम झालं. टेम्पोत घालून स्कूटर घरी आणली. दुसऱ्या दिवशी बाबा ड्युटीवरून आले आणि त्यांनी विचारलं, "कुणी केलं हे?" दहावीतला संदीप म्हणाला, "मी." बाबांनी त्याची सायकल काढून घेतली आणि वर्षभर त्याला शाळेत चालत पाठवलं. मी गप्प राहिले. आधी भीतीनं, मग सवयीनं.

आणि या सहलीच्या आदल्या वर्षी कोकणातून परत आल्यावर त्यानं जेवताना सांगितलं की या गाडीत घाईघाईत साधं पेट्रोल भरलं, जिवाला घोर लागला होता. तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा हसले ती मी. "बाबा, तुमचा मुलगा अजून सुधारला नाही," असंही म्हणाले. आता लिहितानासुद्धा लाज वाटते.

पहिला दिवस: कोल्हापूर ते मलकापूर

शुक्रवारी दुपारी तीनला निघालो. पंपावरच्या माणसानं विचारलं, "साधं टाकू का भारीतलं?" मी ऐटीत म्हणाले, "पंच्याण्णव." लिटरमागे सात-आठ रुपये जास्त पडतात. इथे मी पहिली चूक केली. टाकी पन्नास लिटरची, काटा तळाशी. मी अर्धीच भरून घेतली. उरलेली रत्नागिरीत भरू म्हटलं.

वाचकांपैकी कुणी अशी गाडी घेऊन निघणार असेल तर आधी पेट्रोलचं झाकण उघडून आतला कागद वाचा. कुठला ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलचा तो ९१-९५ चा आकडा, हवा ते तिथे लिहिलेलं असतं. आमची ही सहल दोन हिवाळ्यांपूर्वीची. तेव्हा साधं पेट्रोल ९१ चं असायचं. आता पेट्रोल बदललंय, इथेनॉलही वाढलंय, तेव्हा आकडे माझ्या भरवशावर घेऊ नका. पंपावर विचारा.

केर्ली, वाघबीळ, बांबवडे असा रस्ता. मधेमधे रुंदीकरणाची कामं, वळवलेला मार्ग आणि धूळ. साध्या गाडीला हे काहीच नाही, पण या गाडीचं पोट जमिनीला लागतं. प्रत्येक गतिरोधकावर मी तिरकी चढवत होते आणि अविनाश श्वास रोखून धरत होता. वाघबीळला मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघितलं.

बांबवड्यात चहाला थांबलो. टपरीवरचे दोघे गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"पावणं, किती देती ओ ही?" एकानं अविनाशला विचारलं.

"दहा," अविनाश म्हणाला. "लिटरला दहा किलोमीटर."

"आयला! मग म्हैस बरी की. येवढं खाऊन दूध तरी देती."

मलकापूरला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. दत्तूमामा माझ्या आईचे चुलतभाऊ. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, आता दोन म्हशी आणि पेन्शन. मामींनी नाचणीची भाकरी, खर्डा आणि सुरीनं कापावं असं दही वाढलं. मामा जेवणापेक्षा गाडीतच जास्त रमले. स्टिअरिंगवर हात ठेवून बघितला, क्लच कुठाय म्हणून विचारलं, नाही म्हटल्यावर, "मग ड्रायव्हर कशाला लागतोय हिला?" म्हणून नाक मुरडलं. तरी किल्ली कुठे ठेवली ते त्यांनी बघून ठेवलं होतं, हे मला सकाळी कळलं.

दुसरा दिवस: मामाची माया आणि आंबा घाट

सकाळी मी न्हाणीघरात असताना गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. अंगावर पाणी तसंच ठेवून ऐकत राहिले. आवाज दूर गेला. बाहेर येऊन बघते तर अंगणात फक्त टायरच्या खुणा, आणि अविनाश हातात कप घेऊन उभा.

"मामा म्हणाले, आलोच," तो म्हणाला. "मी काय करणार?"

अर्ध्या तासानं मामा एसटी फलाटाला लावावी तशी गाडी दाराला लावून उतरले. तोपर्यंत मामींनी माझी ओटी भरायला घेतली होती. खण, तांदूळ, नारळ, हळकुंडं, सुपाऱ्या. सांडू नये म्हणून तांदूळ पिशवीत आणि हळकुंड-सुपाऱ्या एका स्टीलच्या डब्यात घालून दिल्या. मी वाकून नमस्कार केला तर मामा छाती फुगवून म्हणाले, "मामीनं तुझी भरली, मी तुज्या गाडीची भरली. टाकी फुल्ल! भाची रिकामी जायची न्हाय आणि तिची गाडी बी न्हाय."

माझ्या डोळ्यांपुढे आधी आलं ते डिझेल. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही भरलेलंच नव्हतं.

"मामा, डिझेल नाही ना?"

"खुळी का काय! पेट्रोल की! येवढं कळत न्हाय व्हय मला?"

"कुठलं पेट्रोल, मामा?"

"कुठलं म्हंजे? पंपावरलं."

म्हणजे साधं. तीस लिटर साधं. किल्लीला चिकटलेली चिठ्ठी मामांच्या मुठीत होती, त्यांनी ती वाचलीही नव्हती. त्यांच्या पेन्शनमधून भरलेली टाकी आणि चेहऱ्यावरचा तो आनंद बघून माझी काही बोलायची छाती झाली नाही. मी परत एकदा वाकून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसले.

"सांगायला हवं होतंस," गाव सुटल्यावर अविनाश म्हणाला.

"मग तू का नाही सांगितलंस?"

त्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: आठ दिवसांनी संदीप येणार, आणि त्याच घरातलं दुसरं इंजिन मी जाम करून ठेवलेलं असणार. पहिल्या वेळी त्यानं माझ्यासाठी वर्षभर पायपीट केली. आता त्याची नऊ वर्षांची गाडी.

आंबा गावात, घाटाआधी, एका हॉटेलपाशी थांबले आणि यासीनभाईंना फोन लावला. कोल्हापुरात त्यांचं गॅरेज आहे. बाबांची ती स्कूटर त्यांच्या वडिलांनी खोलली होती, त्यामुळे आमचं घराणं त्यांना ठाऊक आहे.

"तुमच्या घराला पेट्रोल लाभत न्हाय बगा, ताई," सगळं ऐकून ते म्हणाले. "घाबरू नगासा. आधी ऐका. लोकांना वाटतंय ऑक्टेन म्हंजे ताकद. ताकद न्हवं त्यो. दम हाय. टर्बो हवा कोंबती, आत दाब वाढतोय, आणि ठिणगी पडोस्तवर पेट्रोलनं दम धरायला पायजे. पंच्याण्णववालं धरतंय. साधं आधीच पेट घेतंय. मग पिस्टनला उलटा दणका."

"मग काय करू? काढून टाकू सगळं?"

"कशाला? जुनं किती हुतं टाकीत?"

"वीस लिटर, पंच्याण्णवचं."

"मग मिसळून ब्याण्णव-त्र्याण्णव झालं आसंल. येवढ्यानं काय मरत न्हाय ती. जोर लावू नका, स्पोर्टचं बटण दाबू नका, चढाला एशी बंद करा. गियर वरचा आणि इंजिन रडतंय असं चालवू नका, एक गियर खाली घ्या. रत्नागिरीत जागा झाली की पंच्याण्णव टाका. पुरतं पंच्याण्णव व्हायचं न्हाय, पर वर सरकंल. आणि त्या ऑक्टेन वाढवायच्या बूस्टरच्या बाटल्या कुणी इकाय आलं तर घेऊ नगासा. डब्यात खडे घालून हलवल्यागत आवाज आला, की पाय काढायचा. समजलं?"

समजलं होतं. मनातली धाकधूक मात्र तशीच होती.

घाट उतरताना जोर लागत नाही, म्हणून जरा सैल बसले होते. दरीतून गार वारा येत होता, खाली कोकण धुक्यात होतं, आणि तिसऱ्या की चौथ्या वळणाला तो आवाज आला. टकटक, टकटक. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. मी पाय काढला. तरी वळणावर परत आला. सरळ रस्त्यावर बंद. परत वळण, परत टकटक.

"ऐकतोयस ना?" मी म्हणाले.

"ऐकतोय," अविनाश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

जरा रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. संदीपला काय सांगायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले आणि एकही धड जुळेना. अविनाश कसाबसा बाहेर पडला, बॉनेटकडे गेला, तिथे आपल्याला काही कळत नाही हे आठवून परत आला आणि सीटच्या मागे वाकला. मग डोकं आत घालून बराच वेळ तसाच राहिला.

"काय झालं?"

त्यानं हात बाहेर काढला. हातात मामींचा स्टीलचा डबा. त्यानं तो हलवला. टकटक, टकटक. आतल्या सुपाऱ्या आणि हळकुंडं.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. हसता हसता रडले. मागून येणारा ट्रकवाला वेग कमी करून, "काय झालं ओ ताई? मदत पायजे का?" म्हणून विचारून गेला. अविनाशनं डबा मांडीवर घट्ट धरला आणि रत्नागिरीपर्यंत सोडला नाही.

साखरप्याला मिसळ खाल्ली, बरी होती, कोल्हापूरच्या माणसानं फार अपेक्षा ठेवू नये. दुपारी दोनच्या सुमारास रत्नागिरी. भाट्याच्या बाजूला एका घरगुती मुक्कामात खोली घेतली, अठराशे रुपये, सकाळच्या नाश्त्यासकट. मालकीणबाईंनी माझ्यासाठी सुरमई तळली. अविनाशचं घर निपाणीकडचं, शाकाहारी, त्याच्यासाठी काळ्या वाटाण्याची आमटी आणि सोलकढी केली. गाडी अंगणात पोफळीखाली लावायला जागा मिळाली.

टाकीत मात्र जागा नव्हती. मामांनी पार गळ्यापर्यंत भरली होती. म्हणून पेट्रोल जाळायला आम्ही संध्याकाळी आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याला गेलो आणि आलो. पेट्रोल संपावं म्हणून देवाला जाणारी आम्ही पहिलीच मंडळी असू. पण हा रस्ता चुकवू नका. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि वर चढून गेल्यावर दोन्ही किनारे एकदम दिसतात. तिथे आम्ही सूर्य बुडेपर्यंत बसलो. पहिल्यांदाच मी तासभर ऑक्टेनचा विचार केला नाही.

तिसरा दिवस: चढ

सकाळी पंच्याण्णवचं पंधरा लिटर मावलं. मनात हिशेब केला, फार तर त्र्याण्णवच्या थोडं वर. आता घाट चढायचा होता, आणि यासीनभाईंची खरी भीती चढाचीच होती.

साखरप्याच्या पुढे एसी बंद केला, काचा उघडल्या, डबा अविनाशच्या मांडीवर. गियर हातानं बदलायची सोय या गाडीत आहे. दुसरा, तिसरा, परत दुसरा असं करत, पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवून चढत राहिले. गाडी जडच वाटत होती. एरवी नुसता पाय लावला की उसळते, ती आज मनाविरुद्ध शाळेत निघाल्यासारखी चालत होती. एका वळणावर लाल एसटीनं आम्हाला मागे टाकलं. तिचा ड्रायव्हर वरून आमच्याकडे बघून हसला. त्याला काय ठाऊक, मी त्या क्षणी मागे पडायला किती खूश होते.

टकटक काही आली नाही. शेवटचं वळण संपलं, रस्ता सपाट झाला, आंबा गावाची घरं दिसली आणि मी एवढ्या मोठ्यांदा "हुश्श" केलं की अविनाश दचकला.

मलकापूरला मामा रस्त्यावर येऊन उभे होते. मी काच खाली करायच्या आत त्यांनी डोकं आत घातलं. "कशी पळली?"

"लय भारी, मामा."

"बगू, किती उरलंय काट्यावर? न्हायतर पंपावर जाऊ या पटकन."

"नको!" मी आणि अविनाश एकदमच ओरडलो. मग मी सावरून म्हणाले, "तुम्ही भरलेलं अजून आहे की, मामा. घरापर्यंत पुरतं." मामा खूश झाले. तेवढ्यात मामींनी खिडकीतून दह्याचा मातीचा सट आत दिला.

कोल्हापुरात पोचल्यावर घरी न जाता थेट यासीनभाईंकडे. त्यांनी गाडीला मशीन जोडलं, प्लग काढून उजेडात बघितले, परत बसवले. मी एका जुन्या टायरवर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"काय झालेलं न्हाय," ते हात पुसत म्हणाले. "हिला कान हाय, ताई. आत जरा जरी खडखड झाली की ही ठिणगी उशिरा टाकती, स्वतःच बेतानं चालती. म्हणून जड वाटली तुम्हाला. आता हे संपवा आणि नीट पंच्याण्णव भरा. झालं."

सहा महिन्यांचा अभ्यास करून निकाल लागावा तसं मला झालं.

"आणि संदीपला सांगू नगासा," यासीनभाई हळूच म्हणाले. "मशीनवर काय दिसत न्हाय. कळायचं न्हाय त्याला."

घरी

रात्री झोपायच्या आधी मीच संदीपला फोन लावला. यासीनभाईंचं बोलणं सोपं होतं, पण या घरात मी एकदा गप्प राहिलेय, दुसऱ्यांदा नको होतं. आणि मामांचं नाव घ्यायचं नाही हेही ठरवलं होतं. त्यांचा काय दोष? प्रेमानं भरली होती. उद्या संदीप फोनवर काही बोलला तर मामा पुन्हा कुणाच्या गाडीला हात लावणार नाहीत.

"गाडीत साधं भरलं गेलं," मी म्हणाले. "तीस लिटर. माझंच लक्ष नव्हतं. यासीनभाईंनी तपासली, काही झालेलं नाही. पण चूक माझी आहे."

मला वाटलं आता येतोय अंगावर.

"मलकापूरला थांबलीस ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मामींनी ओटी भरली, आणि दत्तूमामांनी टाकी."

मी हातातल्या किल्लीवरची चिठ्ठी नखानं खरवडायला लागले.

"ताई, गेल्या वर्षी माझी पण त्यांनीच भरली होती. सकाळी सहाला. मला म्हणाले, भाचा रिकामा जायचा न्हाय." तो हसायला लागला. "त्या चिठ्ठीत लिहायला पाहिजे होतं मी, मामाकडे जाताना टाकी वरपर्यंत भरून जा, म्हणजे त्यांना जागाच मिळत नाही."

"मग तू भरलंस असं का सांगितलंस? आम्ही किती हसलो तुला!"

"मला हसलात तर काय होतंय? मामांना हसला असतात."

फोन ठेवला तरी मी तिथेच उभी होते. दोन गाड्या, दोन चुकीची पेट्रोलं, दोन्ही त्याच्या नावावर. आणि त्यातलं एकही त्यानं भरलेलं नव्हतं.

खालच्या मजल्यावर आई-बाबा राहतात, त्यांच्याकडचा दिवा चालू होता. बाबा आरामखुर्चीत, आई मामींच्या दह्याला विरजण कसं लावलं असेल त्याचा अंदाज बांधत होती. मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, ती स्कूटर आठवते? संदीपनं जाम केलेली?"

"न आठवायला काय झालं."

"ती मी जाम केली. पन्हाळ्याला मी नेली होती. त्यात ऑइल मी घातलं नाही. त्यानं नुसतं स्वतःचं नाव सांगितलं."

बाबांनी चष्मा काढला. ते माझ्याकडे नाही, दाराकडे बघायला लागले. एरवी त्यांचा आवाज खणखणीत असतो, तो आता अगदी खाली आला होता.

"वर्षभर चालत पाठवला गं मी त्याला," ते म्हणाले. "लाव फोन."